वगळलेलं पान

नाथाजी : तसं न्हाई. लॅपटॉप हिकडं फिरव. तू काय दाबतीस ते मला दिसलं पायजे.

नौशीन : फिरवला, नाथाकाका. दिसतंय आता?

नाथाजी : दिसतंय. कळत काय न्हाई, पर दिसतंय.

दस्तगीर : नाथा, पोरगी पहाटंच सांगलीतनं निघालीया. पोटात अन्न न्हाई तिच्या. जरा दम खाऊ दे की तिला. तूबी चहा घे.

नाथाजी : चहा मीटिंग झाल्यावर. तुझा चहा पिला की मानूस भांडायचं इसरतो. सगळा टॅक्सी स्टँड जानतो ते.

दस्तगीर : मग तो फळा तरी खाली ठेव. मांडीवर घिऊन बसलायस, शाळामास्तर दिसतोयस निव्वळ.

नाथाजी : फळा माझ्याजवळच ऱ्हानार. सनसेट पॉइंटच्या गाड्या सुटायच्या आत मीटिंग हाय. तवर हिनं सांगायचं, हिनंच केलेली आपली नंबराची साइट का अडकती. न्हाई सांगितलं तर भिताडाला खिळा अजून तसाच हाय. फळा टांगनार, पयल्यासारखं खडूनं गाड्यांचं नंबर लावनार, आनि हिची साइट गेली वेण्णा तळ्यात. तू खुर्ची सोडनार ते येगळंच. शब्द दिलायस तू.

दस्तगीर : दिलाय. 'पोरीच्या कामात खोट निघाली तर स्टँडप्रमुखाची खुर्ची सोडतो.' सगळ्या ड्रायव्हरांम्होरं बोललोय, इसरलो न्हाई.

नौशीन : अब्बा, असला शब्द द्यायला तुम्हाला सांगितलं कुणी?

दस्तगीर : ह्यो बसलाय की समोर. ह्यानं मागितला, म्या दिला.

नाथाजी : मागनारच. बापानं खुर्ची धरायची, लेकीनं साइट करायची, आनि आमी मोबाइलकडं डोळं लावून बसायचं? नौशीन, सकाळपासनं तू ते मोजायचं यंत्र लावलंयस. काय घावलं?

नौशीन : काही नाही.

नाथाजी : आँ?

नौशीन : म्हणजे त्यात सगळं नीट दिसतंय. प्रवाशांचं बुकिंगचं पान पटकन उघडतंय. तुमचं नंबराचं पानही पटकन उघडतंय.

नाथाजी : पटकन? बाहीर जाऊन बघ जरा. पुन्याची पार्टी बॅगा घिऊन थंडीत हुबी हाय. जयराजची गाडी रांगेत म्होरं, पर त्याच्या मोबाइलवर नुसतं चाक फिरतंय. नंबर त्याचा का मागच्याचा, ते त्यालाच म्हाईत न्हाई. म्हंजे साइट भारी आनि आमी खुळं, असं म्हनायचं हाय का तुला?

नौशीन : मी असं म्हटलं का?

नाथाजी : मग मी सांगतो का अडकती ते. नंबर मागं-म्होरं करताना अडकती. परतापगडाचं लांबचं भाडं कुनाला जातंय? अमीरला. तुझ्या चुलतभावाला. मार्केट ते तळं, तेवढं आमाला.

दस्तगीर : नाथा! अमीर माझा पुतन्या हाय म्हनून त्यानं गाडी चालवायचीच न्हाई का?

नाथाजी : चालवावी की. नंबरानं चालवावी.

नौशीन : नाथाकाका, ऐका. नंबर सरकवायचं बटणच मी ठेवलेलं नाही. जो आधी येईल तो आधी. जवळचं भाडं मिळालं तर परत आल्यावर त्याचा नंबर राखलेला असतो. फळ्यावर जो नियम होता तोच. तुम्हीच शिकवलात मला, मी इथं स्टुलावर बसून लिहून घेतलं होतं.

नाथाजी : शिकवलं, व्हय. म्हनूनच जास्त दुखतंय.

नौशीन : आणि मी ग्रुपवर बोललेय. ज्याच्यामुळं साइट अडकते त्याचं नाव मीटिंगमध्ये घेईन. अमीर असला तर अमीरचं, मी असले तर माझं.

नाथाजी : ते ऐकलंय मी. म्हनून तर हितं बसलोय. आता मला सांग, हे यंत्र मोजतं तरी कसं?

नौशीन : याला प्रोफायलर म्हणतात. कुणी पान उघडलं की साइट आत दहा कामं करते. नाव शोधते, नंबर लावते, जुनी भाडी बघते. कुठल्या कामात किती वेळ गेला ते हा टिपून ठेवतो; काम सुरू व्हायच्या आधी ताटकळलेला वेळ यात येत नाही. गाडीचं मायलेज पडलं की तुम्ही टायर बघता, प्लग बघता, तसं.

नाथाजी : टिपतो म्हंजे समद्यांचं टिपतो?

नौशीन : नाही. शंभरातल्या एकाचं.

नाथाजी : आनि बाकीचं सुटलं? मी फौजेत असताना असली गस्त घातली असती तर सायबानं कानाखाली वाजवली असती.

नौशीन : अहो, मोजण्याचाही भार पडतो. पसरणी घाटात एकेक गाडी थांबवून डिकी उघडली तर काय होईल? घाट वाईपर्यंत तुंबेल. म्हणून मधली एखादी थांबवायची. शनिवारच्या गर्दीत सगळं मोजायला लावलं तर आहे ती साइटही बसेल.

नाथाजी : आनि चोराची गाडी त्या एकात नसली तर? आपली गेली की न्हाई निघून?

दस्तगीर : ह्ये मातुर खरं बोलला, नौशीन.

नौशीन : अब्बा, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?

दस्तगीर : मी खुर्चीवर हाय बेटा. खुर्चीला बाजू नसती.

नाथाजी : थांब. त्या पडद्यावर खाली काय हाय? ती राखाडी ओळ. तिच्यावर रेघ कशाला मारलीया?

नौशीन : ते वगळलेलं पान. ते मोजायचं नाही असं मी सकाळी यंत्र लावतानाच सांगून ठेवलंय.

नाथाजी : कुठलं पान?

नौशीन : ऑफिसचं. गाड्यांची नोंद असते ते.

नाथाजी : ऑफिसचं! बघ दस्तगीर. समद्या स्टँडची झडती, आनि तुझं घर सोडून.

नौशीन : तसं काही नाही हो. ऑफिसात कॉम्प्युटर एकच. अब्बा सकाळी तो उघडतात, कुठली गाडी आली, कुठली नाही ते टाकतात, झालं. दोनशे मोबाइल एकीकडं आणि हे एक खोकं एकीकडं. त्याचा काय भार पडणार? उगाच आकड्यांत गर्दी नको म्हणून काढलं.

नाथाजी : वगळायचं कुनी ठरवलं?

नौशीन : मी.

नाथाजी : बापाचं पान लेकीनं वगळलं.

नौशीन : नाथाकाका, शब्द जपून वापरा.

नाथाजी : मी जपूनच वापरतोय, पोरी. हेच बाहीर बोललो तर काय हुईल त्ये तूच सांग. ती रेघ पूस. कुनालाबी सूट न्हाई. आनि शंभरातलं एक न्हाई, समदं मोज.

नौशीन : सगळं मोजलं तर साइट पार बसेल. बाहेर लोक खवळलेत आधीच.

नाथाजी : असंच चाललं तरी ती मीटिंगनंतर बसनारच हाय की.

दस्तगीर : कर, नौशीन. ह्याचं समाधान व्हऊ दे. मी खिडकीवर जातो, बाहीरच्यांना थोपवून धरतो.

नौशीन : अब्बा, यात काही वेडंवाकडं निघालं तर खुर्ची तुमची जाणार आहे.

दस्तगीर : खुर्ची काय, लाकडाचीच हाय. उलट आता न्हाई मोजलंस तर जल्मभर ह्यो म्हनत ऱ्हाईल. कर.

नौशीन : ठीक आहे. रेघ काढली. प्रवाशांची नावं, फोन झाकलेलेच आहेत. आता सगळी पानं, सगळे लोक. पाचच मिनिटं. दाबू?

नाथाजी : दाब.

(बाहेर एक हॉर्न वाजतो, मग पाठोपाठ अनेक.)

दस्तगीर : अरं थांबा, थांबा! जयराज, हॉर्न बंद कर आधी. तपासनी चाललीया आत. ताई, लेकराला आत आना बाकड्यावर, गारठलंय ते. तोंडी सांगतो, ऐका! जयराजनं पुन्याची पार्टी घ्यावी, नंबर त्याचाच हाय. माझ्या जबाबदारीवर!

नाथाजी : बघ. तोंडानं झटक्यात झालं. नौशीन, काय म्हनतंय यंत्र?

नौशीन : थांबा.

नाथाजी : तो लाल पट्टा कसला? सकाळी नव्हता.

नौशीन : थांबा ना, काका.

नाथाजी : सांग की, काय दिसलं? चेहरा उतरला तुझा.

नौशीन : वेळ खाणारं काम सापडलंय. गाडीची सगळी जुनी भाडी मोजायची, सीझन सुरू झाल्यापासूनची, आणि त्यावरनं तिचा नंबर बरोबर आहे का ते दाखवायचं. हे काम पुन्हापुन्हा होतंय. एक संपायच्या आत दुसरं. त्याच्या मागं बाकी सगळे तुंबलेत.

नाथाजी : कोन करतंय?

नौशीन : ते... तो भाग मीच लिहिलाय. तेव्हा चूक माझीच आहे. तेवढं सांगते मी मीटिंगमध्ये.

नाथाजी : मी इचारलं, कोन करतंय. कोन उघडतंय ते पान? तू काय लिवलंस ते नंतर.

नौशीन : काका, काही गरज आहे का...

नाथाजी : अमीर?

नौशीन : नाही. अमीरनं आज नंबराचं पान दोनदा उघडलंय फक्त. इतरांपेक्षा कमीच.

नाथाजी : मग कोन? ग्रुपवर तूच बोललीयस, नाव घेनार म्हनून. घे नाव.

नौशीन : या खोलीतनं येतंय सगळं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरनं.

दस्तगीर : काय झालं? बाहीरचं निवलंय जरा. काय घावलं का?

नौशीन : अब्बा, तुमच्या कॉम्प्युटरचं तोंड इकडं करा जरा.

दस्तगीर : ते खिडकीकडं असतं बेटा, ड्रायव्हरांना दिसाया पायजे.

नौशीन : करा ना. हे काय? वर या बारक्या बारक्या चौकटी कसल्या? इतक्या?

दस्तगीर : गाड्यांची पानं हायत. हरेक गाडीचं एक.

नौशीन : सगळ्या गाड्यांची? एकाच वेळी उघडी?

दस्तगीर : व्हय. का? उघडी नसावीत?

नौशीन : यातलं प्रत्येक पान थोड्या थोड्या वेळानं आपोआप नवं होतं, अब्बा. मीच तसं केलंय. तुम्ही नुसतं उघडं ठेवलं तरी ते मागून मोजत बसतं. म्हणून मला सांगलीत कधी सापडलं नाही! मी संध्याकाळी कामावरनं आले की तपासायचे, तेव्हा साइट पळायची. तोवर तुम्ही हे खोकं बंद करून घरी गेलेले असायचात. पण बंद केल्यावर तर ही पानं जायला हवीत?

दस्तगीर : जातात की. पर सकाळी चालू केलं की ते इचारतं, कालची पानं परत उघडू का? मी म्हनतो, उघड बाबा.

नाथाजी : काखेत कळसा आनि गावाला वळसा. दस्तगीर, अरं समद्या स्टँडचा दम तू एकटा खात व्हतास?

दस्तगीर : मी?

नाथाजी : तूच. कशापायी उघडली इतकी पानं?

दस्तगीर : खरं सांगू? तुझ्यापायी.

नाथाजी : माझ्या?

दस्तगीर : तूच रोज खिडकीवर येतोस. 'माझा नंबर दाखव.' पान उघडाया वाईच येळ लागला की म्हनतोस, 'आत कायतरी शिजतंय.' तुझं बघून बाकीचंबी येऊ लागलं. मग म्या ठरवलं, हरेकाचं पान उघडंच ठेवायचं. कुनी हाक मारली की लगोलग म्होरं धरायचं. येळ लागला न्हाई की शंका येनार न्हाई. माझ्या लेकीवर शंका नगं, एवढंच डोस्क्यात व्हतं.

नौशीन : मग बघून झाल्यावर बंद का नाही केलीत?

दस्तगीर : बंद? फळ्यावरचं नाव कवा पुसतात, बेटा? गाडी इकली तर, न्हाईतर मानूस गेला तर. जित्या मानसाचं नाव पुसायचं न्हाई, नुसता म्होरला आकडा बदलायचा. माझ्या बापानं ह्या स्टँडवर त्येच केलं, म्याबी त्येच केलं. तिथं कोपऱ्यात ती फुली हाय ना, ती दाबली की पान जातंय. माझा हात झाला न्हाई. वाटलं, त्या गाडीचा नंबरच जाईल.

नौशीन : नंबर पानात नसतो, अब्बा. नंबर साइटमध्ये असतो. पान बंद केलं तरी तो तसाच राहतो.

दस्तगीर : ते तू मला कवा सांगितलंस?

नौशीन : नाही सांगितलं. एवढं सांगायला लागेल असं वाटलंच नाही मला.

नाथाजी : आता बाहीर काय सांगायचं?

दस्तगीर : खरं हाय त्ये सांगायचं. चूक माझी. पोरीच्या कामात खोट न्हाई.

नौशीन : आहे, अब्बा. पान नवं झालं की दर वेळी पहिल्यापासून सगळी भाडी मोजायला मी लावलंय. एकदा मोजून ठेवायला हवं होतं. आणि सकाळी मी ऑफिसचं पान वगळलं नसतं तर सकाळीच सापडलं असतं. माझ्या घरचं आहे म्हणून मी ते बघितलंच नाही. खोट आहे माझ्या कामात.

दस्तगीर : नौशीन, गप.

नौशीन : गप नाही बसणार. नाव घेईन म्हटलंय मी.

दस्तगीर : मग झालं तर. ऐकलंस, नाथा? खोट निघाली. शब्द म्हंजे शब्द. ही घे कपाटाची किल्ली. खुर्ची सोडली म्या.

नाथाजी : ठेव ती किल्ली खिशात.

दस्तगीर : उपकार नगंत तुझं.

नाथाजी : उपकार कसलं? शब्द घेतलावता कुनी? म्या. तो मीच माघारी देतो. हिनं बापाला न झाकता नाव घेतलं, सवताचंबी घेतलं. मला वाटलंवतं, लेक बापाला वाचवंल. रातभर तेच घोळत व्हतं डोस्क्यात. बाहीर मी बोलनार आधी. सांगनार, नाथाजी रोज खिडकीवर मरत व्हता म्हनून दस्तगीरनं पानं उघडली. मग तू बोल, मग ही. तिघांचं ऐकून कुनाला फळा पायजे असंल त्यानं टांगावा.

दस्तगीर : आनि टांगला तर?

नाथाजी : टांगला तर टांगला. खडू माझ्या खिशात हाय, मी देनार न्हाई.

नौशीन : अब्बा, पानं बंद करू का आता? एकेक करून, तुमच्यासमोर? बंद केल्यावर मोबाइलवर नंबर तसाच आहे का तेही बघा.

दस्तगीर : कुनाचं आधी?

नाथाजी : माझं कर. मोबाइल काढलाय म्या. दाब ती फुली.

नौशीन : दाबली.

नाथाजी : हाय की. जिथल्या तिथं हाय नंबर. आनि बघ, चाक न फिरताच आला.

दस्तगीर : उद्या परत खिडकीवर यिऊन इचारलंस तर?

नाथाजी : तर चहा पाज. कर गं बाकीची. जयराजचं. अमीरचंबी. भराभर कर, मानसं जमाया लागली बाहीर.

नौशीन : करतेय. झालीच. यंत्रातला लाल पट्टा बघा कसा खाली आला. आता एकच राहिलं. ही कुठली गाडी? या सीझनला हिच्यावर एकही भाडं नाही.

दस्तगीर : ते असू दे, बेटा.

नौशीन : का? कुणाची आहे?

दस्तगीर : अर्जुनाची.

नाथाजी : आमच्या अर्जुनाची?

दस्तगीर : व्हय.

नाथाजी : माझा भाऊ पावसाळ्यात गेला, दस्तगीर. त्याची गाडीबी इकली आमी. तुझ्याच नियमानं नाव पुसायला पायजे व्हतं.

दस्तगीर : पायजे व्हतं. रोज सकाळी ते खोकं इचारायचं, कालची पानं उघडू का, आनि त्यात त्याचंबी यायचं. मी म्हनायचो, उघड.

नाथाजी : नौशीन.

नौशीन : हं, काका?

नाथाजी : ह्या एका पानाचा किती भार पडतो गं साइटवर?

नौशीन : एका पानाचा? काहीच नाही.

नाथाजी : मग ऱ्हाऊ दे उघडं. चला, मानसं खोळंबलीत.